वाघाचं डोकं भिंतीवर का लावतात?

१. गळ्यातलं नख, दिवाणखान्यातली शिंगं

ऑक्टोबर २०२३ मध्ये बंगळुरात कन्नड ‘बिग बॉस’चा एक स्पर्धक कार्यक्रम चालू असतानाच वन खात्याच्या ताब्यात गेला. त्याच्या गळ्यातल्या साखळीत वाघाचं नख होतं, आणि टीव्हीवर ते सगळ्या कर्नाटकानं पाहिलं होतं. पुढच्या काही दिवसांत चार-दोन सिनेनटांच्या घरीही अधिकारी तपासाला जाऊन आले. मग चामराजपेट, बसवनगुडीसारख्या जुन्या वस्त्यांमधल्या लोकांना एक प्रश्न पडणं साहजिकच होतं. पणजोबांच्या वेळची सांबराची शिंगं दिवाणखान्यात आहेत, ती ठेवली तर चालतात का?

याचं उत्तर सोपं आहे, ते आधी देऊन टाकू. १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) कायद्यानं अशा वस्तू सरकारकडे जाहीर करणं बंधनकारक केलं. जाहीर केलेल्या वस्तूला मालकीचा दाखला मिळतो. ज्यांचं राहून गेलं त्यांना २००३ साली १८० दिवसांची आणखी एक संधी दिली गेली. दाखला असेल तर वस्तू घरात ठेवता येते आणि वारसाहक्कानं मुलांकडे जाते. विकता येत नाही. दाखला नसेल तर तो गुन्हा, आणि वाघासारख्या प्राण्याच्या बाबतीत तीन ते सात वर्षांची कैद. कायद्यानं ‘ट्रॉफी’ या सदरात कातडं आणि शिंगं तर घातलीच, पण नखं, दात, केस, पिसं, अंडी, घरटी, इतकंच काय मधाचं पोळंही घातलं आहे. २०२२ च्या दुरुस्तीनं आणखी एक वाट दिली. दाखला आहे पण वस्तू नकोशी झाली, तर ती वन खात्याकडे जमा करता येते. मोबदला मात्र मिळत नाही. (लंडनहून २०२४ साली साताऱ्यात आलेल्या वाघनखांचं काय, असंही लोक विचारतात. ती पोलादाची आहेत.)

अवघड आहे तो दुसरा प्रश्न. तो बहुतेक वेळा घरातली लहान मुलं विचारतात. खायचं नव्हतं, वाघ अंगावरही आला नव्हता, तर मारला कशाला? आणि मारला तो मारला, त्याचं डोकं भिंतीवर का लावलं?

२. शिकारीचे प्रकार

‘शिकार’ हा एकच शब्द आपण फार वेगवेगळ्या गोष्टींना लावतो, त्यामुळे वाद घालताना गफलत होते.

पोटासाठी शिकार करणारा फासेपारधी ससा-तितर खातो किंवा विकतो. शेतकऱ्याला रानडुक्कर नको असतं कारण ते एका रात्रीत भुईमूग उकरून टाकतं. इंग्रजी अमलात सरकार इनाम देऊन श्वापदं मारून घेत असे. इतिहासकार महेश रंगराजन यांच्या हिशेबानं १८७५ ते १९२५ या पन्नास वर्षांत भारतात ८० हजारांहून जास्त वाघ, दीड लाखाहून जास्त बिबटे आणि दोन लाख लांडगे मारले गेले. त्यातले सगळे काही साहेबांनी मारलेले नव्हते; इनामाचे चार पैसे मिळवायला गावोगावचे लोकही होते. चोरटी शिकार आणखी वेगळी. तिचा माल बाजारात जातो.

ट्रॉफीसाठीची शिकार या सगळ्यांहून निराळी आहे. तिच्यात मांस दुय्यम आणि पैसा मिळण्याऐवजी खर्च होतो. प्राणी निवडला जातो तो त्याच्या आकारासाठी, आयाळीसाठी, शिंगांसाठी, आणि त्याचा एखादा भाग आठवण म्हणून जपला जातो. थोडक्यात, शिकार संपते तिथे ट्रॉफीचं काम सुरू होतं. ते काम पाहायला म्हैसूरला जावं लागेल.

३. म्हैसूरचा कारखाना

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला यूजीन व्हॅन इंगेन यांनी म्हैसुरात प्राणी भरण्याचा कारखाना काढला. ‘व्हॅन इंगेन अँड व्हॅन इंगेन’ हे नाव पुढे देशभरच्या राजेरजवाड्यांना आणि साहेबांना तोंडपाठ झालं. बोअर युद्धाच्या काळात जन्मलेल्या कारखान्याला शोभेल अशी मालकांनी मुलांची नावंही बोअर सेनापतींवरून ठेवली होती: बोथा, डी वेट, जोबर्ट. या एका कारखान्यातून वाघ-बिबट्यांच्या चाळीस हजारांहून जास्त ट्रॉफी बाहेर पडल्या. १९९० च्या दशकाच्या अखेरीस तो बंद झाला. जोबर्ट व्हॅन इंगेन २०१३ साली, वयाची शंभरी ओलांडून, म्हैसुरातच वारले.

काम कसं चाले? शिकाऱ्यानं रानातच वाघ सोलायचा, कातड्याला आतून मीठ चोळायचं, सावलीत वाळवायचं आणि रेल्वेनं म्हैसूरला पाठवून द्यायचं. हे बिनचूक व्हावं म्हणून कंपनीनं शिकाऱ्यांसाठी एक पुस्तिकाही छापली होती, कारण पंजा किंवा ओठ नीट सोलला नाही तर तिथले केस झडत आणि बोल कारखान्याला लागे. कारखान्यात कातडं भिजवून, आतून तासून कमावलं जाई. दरम्यान साच्यातून कागदाच्या लगद्याचा वाघ तयार होई. वेगवेगळ्या आकारांचे साचे ठेवलेले असत. त्या पोकळ, हलक्या वाघावर कातडं चढवायचं, काचेचे डोळे बसवायचे, जीभ आणि हिरड्या रंगवायच्या. शेवटी पाहणारा दचकायला हवा.

ट्रॉफीचं मर्म या दचकण्यात आहे. संपूर्ण वाघ उभा करायचा, की नुसतं डोकं आणि खांदे, की डोक्यासकट अंथरायचा गालिचा, हे गिऱ्हाईक ठरवणार. जबडा उघडा की मिटलेला, हेही त्याच्याच हाती. आणि गिऱ्हाइकाला बहुतेक वेळा उघडा जबडा हवा असे. प्रत्यक्षात वाघ मेला तेव्हा तो गुरगुरत होता का? क्वचितच. मचाणाखाली बांधलेल्या रेड्याला खाताना, नाहीतर हाकाऱ्यांच्या गलक्यापुढे पळताना त्याला गोळी लागलेली असे. चवताळलेला चेहरा म्हैसुरात घडवला गेला, शिकाऱ्याच्या फर्माइशीवरून. दिवाणखान्यात बसणाऱ्या पाहुण्याला मग आपोआप वाटे की यजमानानं मरणाच्या दाढेतून वाघ ओढून आणला.

कोल्हापूरच्या नव्या राजवाड्यातलं संग्रहालय पाहिलं की ही हौस कुठवर गेली होती ते कळतं. १८८४ साली पूर्ण झालेल्या त्या वाड्यात भरलेली जनावरं तर आहेतच, पण बिबट्याच्या मणक्यांच्या हातकाठ्या आहेत, वाघाच्या कवटीचे ॲशट्रे आहेत. ज्या कवटीत सिगारेटची राख झाडायची ती मुळात कशासाठी मिळवली होती, हा प्रश्न सहलीला आलेली शाळकरी मुलं पटकन विचारतात. मोठी माणसं फोटो काढून पुढच्या दालनात जातात.

४. पाहुणचार आणि मोजपट्टी

आता कारणांकडे वळू. ‘क्रूरपणा’ असं एका शब्दात उत्तर देऊन मोकळं होता येतं, पण ते आळशी उत्तर आहे. शिकार करणाऱ्यांपैकी पुष्कळ जण घरी कुत्र्या-मांजरांवर जीव टाकणारे होते आणि आहेत.

पहिलं कारण मानपानाचं. चामराजपेट वसली १८९२ साली, म्हैसूरचे दहावे चामराजेंद्र वाडियार यांच्या नावानं. टिपू सुलतानाचा लाकडी उन्हाळी महाल ज्या रस्त्यावर आहे त्याला तेव्हा आल्बर्ट व्हिक्टर रोड म्हणत. आता तो आलूर वेंकटराव रोड आहे, म्हणजे पाटीवरचं ‘ए. व्ही.’ तेवढं टिकलं. हा आल्बर्ट व्हिक्टर म्हणजे राणी व्हिक्टोरियाचा नातू. १८८९ च्या हिवाळ्यात तो म्हैसूर संस्थानात आला, तेव्हा त्याच्या हस्ते लालबागेतल्या काचघराचा पाया घातला गेला, आणि जंगलात त्याला हत्तींचा खेडा दाखवण्यात आला. खेड्यात शेकडो माणसं ढोल-मशाली घेऊन रानहत्तींचा कळप खंदक आणि लाकडी कोटानं घेरलेल्या आवारात लोटत. जी. पी. सँडरसन या अधिकाऱ्यानं म्हैसुरात ही पद्धत बसवली आणि शेवटचा खेडा १९७१ साली झाला. खेड्यात हत्ती मारत नसत, कामाला लावत. तरी राजपुत्रापुढे मांडलेला तो सोहळा आणि वाघाची शिकार यांचा हेतू एकच होता. पाहुण्याला दाखवायचं की या रानावर, या माणसांवर आमची सत्ता आहे, आणि ती आम्ही तुमच्या सेवेला लावली आहे.

मग आकडे वाढत गेले यात नवल नाही. १९११ साली दिल्ली दरबारानंतर पाचवा जॉर्ज नेपाळच्या तराईत शिकारीला गेला. दहा दिवसांत त्याच्या लवाजम्यानं ३९ वाघ, १८ गेंडे आणि ४ अस्वलं मारली. भरतपूरला १२ नोव्हेंबर १९३८ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या मेजवानीत एका दिवसात ४,२७३ पक्षी पडले. त्या आकड्याचा दगडी फलक आजही अभयारण्यात आहे. एवढी बदकं कुणी खाल्ली असतील असं समजायचं कारण नाही. ती मोजण्यासाठी मारली होती.

मोजणं हे दुसरं कारण. १८९२ मध्येच लंडनच्या रोलँड वॉर्ड या प्राणी भरणाऱ्या कारागिरानं जगभरातल्या शिंगांच्या मोजमापांचं पुस्तक काढलं. त्याच्या पुढच्या आवृत्त्यांमध्ये आपलं नाव यावं म्हणून माणसं समुद्र ओलांडून जाऊ लागली. एकदा यादी झाली की चढाओढ आलीच, आणि चढाओढ आली की लबाडी. वाघाची लांबी मोजायच्या दोन रीती होत्या. पहिली प्रामाणिक: नाकाच्या टोकाशी एक खुंटी, शेपटीच्या टोकाशी दुसरी, वाघ बाजूला सारायचा आणि दोन खुंट्यांमधलं सरळ अंतर घ्यायचं. दुसऱ्या रीतीत फीत कपाळावरून, मानेवरून, पाठीच्या चढउतारांवरून फिरवायची. समजा, खुंट्यांमध्ये वाघ ९ फूट २ इंच भरला. फीत अंगावरून फिरवली तर तोच वाघ साडेनऊ फुटांच्या आसपास जातो. कागदावर मापापुढे रीत लिहिली नाही की झालं काम. व्हाइसरॉयसाठी अकरा इंचांच्या फुटाची खास फीत ठेवत, असा किस्सा जुन्या शिकारी मंडळींत चवीनं सांगत. खरा असो वा नसो, तो सांगावासा वाटला यातच सगळं आलं.

२०१७ साली कॅनडा आणि अमेरिकेतल्या काही अभ्यासकांनी याच धाग्यावर एक विचार मांडला. पैसा, वेळ आणि जोखीम घालून, पोटाला उपयोग नसलेलं काम करणं हीच मुळी एक जाहिरात असते: ‘मला एवढं परवडतं.’ प्राणी जितका दुर्मीळ, मोठा, धोकादायक, तितकी जाहिरात मोठी. त्यांच्या मते सोशल मीडियानं तिचा पल्ला आणखी वाढवला. पूर्वी दिवाणखान्यात वीस पाहुणे येत, आता मेलेल्या सिंहाशेजारचा फोटो वीस लाख लोक पाहतात.

तिसरं कारण शिकारी स्वतः सांगतात आणि ते सरसकट खोटं म्हणता येत नाही. माग काढणं, वारा कुठून येतो ते ओळखणं, तासन्‌तास न हलता बसणं, या सगळ्यात रानाशी जी जवळीक होते ती जीपमध्ये बसून होत नाही, असं ते म्हणतात. बंगळुरात राहून दक्षिणेतल्या नरभक्षकांच्या कथा लिहिणारे केनेथ अँडरसन किंवा जिम कॉर्बेट वाचताना हे पटतं. पण मग उरतो एक साधा प्रश्न. माग काढून, वारा ओळखून, प्राणी दिसल्यावर परत का फिरत नाहीत? जवळीक तर तोवर झालेली असते. गोळी झाडल्यानं तीत भर काय पडते? याचं उत्तर कुणी नीट दिलेलं नाही.

५. शिकाऱ्यांनी राखलेलं रान

इथे गोष्ट थोडी गुंतागुंतीची होते. आजची कितीतरी चांगली अभयारण्यं म्हणजे कालची शिकारीची राखीव रानं. बंडीपूर आणि नागरहोळे म्हैसूरच्या महाराजांची. दाजीपूर-राधानगरीचं रान कोल्हापूर दरबारचं. १९५८ साली तिथे गव्यांसाठी अभयारण्य झालं. देशाचं पहिलं वन्यजीव मंडळ १९५२ साली नेमलं, त्याचे अध्यक्ष होते म्हैसूरचे जयचामराज वाडियार. ते स्वतः शिकारी.

ग्वाल्हेरचे माधवराव शिंदे यांनी तर वाघाची शिकार कशी करावी यावर १९२० साली पुस्तकच लिहिलं. त्याआधी त्यांना सिंहांची हौस आली होती. संस्थानात सिंह उरले नव्हते, म्हणून आफ्रिकेतून आणवून श्योपूरच्या रानात सोडले. ते गुरं आणि माणसं खाऊ लागले आणि शेवटी मारले गेले. कोल्हापूर दरबारनं काळवीटं धरण्यासाठी पाळलेले चित्ते संपत आले तेव्हा तेही आफ्रिकेतून आणले. म्हणजे हे राजे प्राणी टिकावेत असं मनापासून म्हणत, कारण प्राणी संपले तर शिकार संपली.

पण हे रान राखलं कुणी आणि कुणाच्या जिवावर? ‘रान उठवायला’ शंभर-दोनशे माणसं लागत, ती आसपासच्या गावांतून वेठीला धरली जात. वाघ जखमी झाला की झुडपात शिरणारे तेच, आणि फाटणारेही तेच. दुसरीकडे ज्यांचं पोट रानावर होतं त्या पारध्यांना १८७१ च्या कायद्याच्या आधारे जन्मजात गुन्हेगार ठरवलं गेलं. तो शिक्का कागदोपत्री १९५२ मध्ये पुसला. गावात अजून पुसायचा आहे. जाळं आणि फास म्हणजे नीचपणा, परवान्याची रायफल म्हणजे मर्दानी खेळ, हा भेद कुण्या निसर्गप्रेमातून आलेला नाही. तो सरळ वर्गभेद होता.

६. पैसे भरा, वाघ मारा

स्वातंत्र्यानंतर संस्थानं गेली आणि शिकार बाजारात आली. जंगलांचे ‘शूटिंग ब्लॉक’ पाडलेले असत. ठरावीक दिवसांचा परवाना काढायचा, फी भरायची. परदेशी पाहुण्यांसाठी हे सगळं जमवून देणाऱ्या कंपन्या निघाल्या. त्यातली एक नागपूरची ‘ऑल्विन कूपर’. तिचे संस्थापक विद्याचरण शुक्ल पुढे राजकारणात गेले आणि आणीबाणीत माहिती व नभोवाणी मंत्री म्हणून सगळ्या देशाला माहीत झाले. मध्य भारतातल्या रानात परदेशी शिकाऱ्याला तंबू, जीप, मचाण, हाकारे आणि वाघ मिळवून देणं हा रीतसर व्यवसाय होता, आणि त्यातून परकीय चलन येतं म्हणून सरकारही खूश होतं.

ट्रॉफी शिकारीच्या बाजूनं आज जी युक्तिवादाची चौकट मांडली जाते, ती भारतात अशी प्रत्यक्ष वापरून झालेली आहे. परवाना होता, फी होती, श्रीमंत गिऱ्हाईक होतं. परिणाम काय झाला? वाघाची शिकार १९७० मध्ये देशभर बंद करावी लागली. १९७२ च्या गणनेत जेमतेम १,८०० वाघ उरलेले निघाले. सगळा दोष शिकार कंपन्यांचा नव्हे. जंगलतोड, विषप्रयोग आणि कातड्यांचा व्यापार जोडीला होता. पण परवान्याच्या पैशानं वाघ वाचला नाही, एवढं नक्की. तो पैसा कंपनीकडे आणि सरकारी तिजोरीत गेला. ज्या गावाच्या म्हशी वाघ खात होता त्या गावाच्या हाती हाकाऱ्याची मजुरी पडली.

७. मारून वाचवता येतं का?

भारताबाहेर मात्र याच प्रश्नाला वेगळी उत्तरं मिळाली आहेत.

आधी विचार समजून घेऊ. मुद्दलाला हात न लावता व्याजावर घर चालवावं, तसं कळपातले काही म्हातारे नर दरवर्षी मारू द्यावेत आणि त्या पैशात बाकीचा कळप सांभाळावा, असं या पद्धतीचे समर्थक म्हणतात. मारखोर ही वळलेल्या शिंगांची डोंगरी रानबकरी याचं चांगलं उदाहरण आहे. पाकिस्तानच्या गिलगिट-बाल्टिस्तानात तिच्या मोजक्या नरांचे परवाने लिलावानं देतात आणि ८० टक्के रक्कम गावाला मिळते. २०१९ मध्ये एका परवान्याला १ लाख १० हजार डॉलर आले. म्हणजे ८८ हजार डॉलर, तेव्हाच्या भावानं साठ लाखांहून जास्त भारतीय रुपये, एका खोऱ्यातल्या गावांकडे. एका बकऱ्यासाठी. मग गावकरीच चोरट्या शिकाऱ्यांवर पहारा ठेवतात. मारखोराची संख्या वाढली आणि २०१५ साली जागतिक यादीत त्याचा धोक्याचा दर्जा दोन पायऱ्यांनी सौम्य झाला.

नामिबियानं १९९६ मध्ये कायदा बदलून गावांच्या संघांना वन्यप्राण्यांवर हक्क दिले. पर्यटन आणि शिकार दोन्हींचं उत्पन्न त्यांना मिळतं. तिथल्या एका काळ्या गेंड्याच्या शिकारीचा परवाना २०१४ मध्ये अमेरिकेतल्या डॅलसला ३ लाख ५० हजार डॉलरना गेला आणि जगभर ओरड झाली.

आता दुसरी बाजू. व्याज किती ते चुकलं की मुद्दल जातं, आणि सिंहांच्या बाबतीत ते चुकणं फार सोपं आहे. कळपाचा नर मेला की नवा नर येतो आणि आधीचे बछडे मारून टाकतो. एका परवान्यात कागदावर एक सिंह मरतो. प्रत्यक्षात त्याच्या मागे सगळी पिढी जाऊ शकते. म्हणून टांझानियातल्या अभ्यासकांनी सांगितलं, सहा वर्षांखालचा नर मारूच नका, तोवर त्याचे बछडे मोठे झालेले असतात. नियम चांगला आहे. पण एक दिवस उरलेला, हजारो डॉलर मोजलेला गिऱ्हाईक दुर्बिणीतून सिंहाचं वय किती प्रामाणिकपणे ठरवणार?

शिवाय मोठ्या शिंगांचेच नर टिपत राहिलं तर लहान शिंगांचे नर वंश चालवतात. कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतात रानमेंढ्यांच्या एका कळपात तीसेक वर्षांत शिंगं लहान होत गेल्याचं २००३ साली दाखवलं गेलं. शिकारीचा वाटा त्यात नेमका किती, यावर पुढे वाद झाला, पण ट्रॉफीची निवड निसर्गाच्या निवडीच्या उलट चालते हे कुणी नाकारलं नाही.

आणि सेसिल. झिंबाब्वेच्या ह्वांगे राष्ट्रीय उद्यानातला हा १३ वर्षांचा सिंह. ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी त्याच्या गळ्यात रेडिओ-पट्टा बांधलेला होता. जुलै २०१५ मध्ये त्याला आमिष दाखवून उद्यानाबाहेर आणलं आणि अमेरिकेतल्या एका दंतवैद्यानं बाणानं जखमी केलं. मरायला त्याला कित्येक तास लागले. या हौसेसाठी सुमारे ५० हजार डॉलर मोजल्याचं प्रसिद्ध झालं. त्या दंतवैद्यावर गुन्हा दाखल झाला नाही, कारण कागदपत्रं नीट होती. लोकांच्या संतापाला मात्र कागदपत्रांशी देणंघेणं नव्हतं.

दक्षिण आफ्रिकेत तर कुंपणात जन्मलेले, माणसाच्या हातून खायला शिकलेले सिंह शिकारीला सोडत. त्याचं समर्थन शिकाऱ्यांच्या संघटनांमधूनही फारसं कुणी करत नाही. ‘प्राण्याला निसटायची खरी संधी हवी’ हा त्यांचाच जुना नियम तिथे मोडतो.

८. बोट्स्वानाचे हत्ती आणि यवतमाळची वाघीण

केनियानं १९७७ मध्ये शिकार पूर्ण बंद केली. बोट्स्वानानं २०१४ मध्ये बंद करून २०१९ मध्ये पुन्हा सुरू केली. २०२४ साली जर्मनीनं शिकारीच्या ट्रॉफी आयात करण्यावर कडक निर्बंधांचा विचार चालवला, तेव्हा बोट्स्वानाचे तत्कालीन राष्ट्राध्यक्ष मासिसी म्हणाले की वीस हजार हत्ती जर्मनीला भेट पाठवतो, त्यांच्याबरोबर राहून दाखवा. बोलणं फटकळ होतं, पण मुद्दा खरा. प्राण्याबद्दल हळवं होणारा एकीकडे राहतो आणि ज्याचं पीक तुडवलं जातं तो दुसरीकडे.

हा मुद्दा महाराष्ट्रात पांढरकवड्याला येऊन भिडला. यवतमाळ जिल्ह्यातल्या टी-१ ऊर्फ अवनी वाघिणीवर १३ माणसांच्या मृत्यूचा ठपका होता. तिला पकडायला पिंजरे, हत्ती, कॅमेरे, एवढंच नव्हे तर एका परदेशी कंपनीचं अत्तरही वापरून झालं. २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री हैदराबादहून आलेल्या शिकारी पथकातल्या एकानं तिला गोळी घातली. मागे दहाएक महिन्यांचे दोन बछडे. शहरांत मेणबत्त्या लागल्या, तिच्या टापूतल्या गावांत लोकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. आधी बेशुद्ध करण्याचा प्रयत्न नीट झाला का, यावर पुढे चौकशा झाल्या, आणि त्यांत त्रुटी निघाल्या.

ट्रॉफीच्या दृष्टीनं या प्रकरणातली एक गोष्ट बघण्यासारखी आहे. भारतात माणसांच्या जिवावर उठलेला प्राणी मारायची परवानगी मुख्य वन्यजीव रक्षक देऊ शकतो. पण मारलेला प्राणी सरकारची मालमत्ता. गोळी घालणाऱ्याला त्याचं नखसुद्धा मिळत नाही. अवनीचं शव नागपूरला गोरेवाड्याला उत्तरीय तपासणीसाठी गेलं. वाघांचे मृतदेह अधिकाऱ्यांसमोर कातडं, नखं, दातांसकट जाळतात. आसाम सरकारनं तर सप्टेंबर २०२१ मध्ये वर्षानुवर्षं कोषागारात साठलेली २,४७९ गेंड्यांची शिंगं बोकाखातला एकदम पेटवली.

यातला तर्क आफ्रिकेच्या नेमका उलटा आहे. आफ्रिकेतले काही देश म्हणतात, प्राण्याला किंमत द्या म्हणजे लोक त्याला जपतील. भारत म्हणतो, मेलेल्या प्राण्याची किंमत शून्यावर आणा म्हणजे त्याला मारण्यात कुणालाच गोडी राहणार नाही. वाघांपुरता हा तर्क बऱ्यापैकी चालला. २०२२ च्या गणनेचा अंदाज ३,६८२ वाघांचा; त्यातले ५६३ कर्नाटकात, ४४४ महाराष्ट्रात. आणि ज्या देशात परवान्याची शिकार करून पाहिली आणि पैसा गावापर्यंत पोचला नाही, तिथे ती पुन्हा सुरू करायची मागणी कुणी केली तर हाच हिशेब त्याच्यापुढे ठेवावा लागेल. मारखोर वाचला तो बंदुकीमुळे नाही, ८० टक्क्यांमुळे.

पण त्या ८० टक्क्यांचा धडा बंदुकीविनाही गिरवता येतो, आणि तिथे आपण कच्चे आहोत. ताडोबाच्या प्रवेशद्वारावर जीपचं बुकिंग महिनोन्‌महिने आधी भरतं. त्याच चंद्रपूर जिल्ह्यात मोहफुलं किंवा तेंदूपत्ता वेचायला गेलेला माणूस वाघाच्या तावडीत सापडला, तर घरच्यांना नुकसानभरपाईसाठी पंचनाम्यापासून सुरुवात करावी लागते. जीपमागे जमा होणाऱ्या रुपयातले किती पैसे त्याच्या गावात जातात आणि ते कोण ठरवतं, हा प्रश्न ग्रामसभेत विचारला जातो तेव्हा तो गावात येणाऱ्या वन खात्याच्या सगळ्यात कनिष्ठ माणसाला, वनरक्षकाला विचारला जातो. ठरवणारे नागपूर-मुंबईला असतात.